अंग आंबते ते कशाने?

दिवसभर राबल्यावर मराठी माणूस ‘अंग आंबून गेले’ म्हणतो. पीठ आंबते, ताक आंबते, तसे अंगही. हा वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी रुळला त्यांना रसायनशास्त्राशी देणेघेणे नव्हते. पण युरोपातले शरीरशास्त्र नेमके याच कल्पनेपाशी पोहोचले आणि तिथेच बराच काळ रेंगाळले. कार्ल शेले या औषधविक्रेत्याने १७८० मध्ये स्वीडनमध्ये आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे काढले. दुग्धाम्ल हे नाव त्यावरूनच आले. १९०७ मध्ये केंब्रिजला वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू दमवून बर्फगार अल्कोहोलात टाकले, म्हणजे हाताळणीतच नवे आम्ल तयार व्हायला नको. दमलेल्या स्नायूत दुग्धाम्ल साठलेले आढळले आणि प्राणवायूत ठेवल्यावर ते ओसरले. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरील कामासाठी १९२२ चे नोबेल मिळाले. व्यायामशाळेत मांड्या पेटल्या की आजही ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’ असे निदान होते, ते या वारशातून. मात्र एखादी गोष्ट थकव्याबरोबर वाढते एवढ्यावरून ती थकवा आणते असे ठरत नाही. त्यानंतरच्या शतकभराचा पुरावा एकत्र ठेवला तर मला वेगळेच चित्र दिसते. थकणे हा स्नायूचा बिघाड मानण्यापेक्षा बिघाडाआधी घेतलेली माघार मानली, तर हे सारे तुकडे अधिक नीट जुळतात.

दुग्धाम्लाच्या सिद्धान्ताला पहिला मोठा धक्का बसला तो १९३० मध्ये, डेन्मार्कमध्ये. आयनार लुंड्सगार्ड यांनी आयोडोॲसेटिक आम्ल टोचलेले प्राणी मेले तेव्हा त्यांचे स्नायू ताठ झाले होते, आणि त्यांत दुग्धाम्ल तयारच झालेले नव्हते. असे विषारलेले स्नायू मरण्यापूर्वी काही वेळ व्यवस्थित आकुंचन पावत, दमत आणि मग ताठत. आम्लाविना काम होत होते आणि आम्लाविनाच थकवाही येत होता. हे काम फॉस्फोक्रिएटिन या स्नायूतल्या ऊर्जासाठ्याच्या जोरावर चालले होते. ते शोधणाऱ्यांत हार्वर्डमधले सायरस फिस्क आणि भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्यांचा शोध १९२७ चा. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचे त्यांचे काम १९२९ चे. आपल्याकडे सुब्बारावांचे नाव निघते ते औषधांच्या संदर्भात. स्नायूंच्या इतिहासातली त्यांची जागा क्वचितच कुणाला आठवते. लुंड्सगार्डच्या प्रयोगातली ताठरता मला आम्लाच्या अभावापेक्षाही महत्त्वाची वाटते. स्नायूतले मायोसिनचे तंतू ॲक्टिनला धरून ओढतात, आणि धरलेले सोडायला एटीपी लागते. एटीपी खरोखर संपले तर स्नायू सैल पडत नाही, आवळलेल्या मुठीसारखा अडकतो. मरणानंतर शरीर ताठते ते यामुळेच. दमलेल्या धावपटूचे पाय मात्र लटपटतात. तो थांबतो तेव्हा त्याच्या स्नायूंतल्या एटीपीचा मोठा भाग शिल्लक असतो. याचा अर्थ टाकी रिकामी होण्यापूर्वीच खर्च कुठेतरी आवरला जातो.

कुठे, याचा शोध डेव्हिड ॲलन आणि हाकान वेस्टरब्लाड यांनी उंदराच्या एकेका सुट्या स्नायुतंतूत घेतला. मज्जातंतूकडून इशारा आला की तंतूच्या आतल्या जाळीदार कोठारातून कॅल्शियम सुटते आणि त्याच्या आज्ञेने आकुंचन होते. वारंवार चेतवलेल्या तंतूत हे कॅल्शियम कमी कमी सुटू लागले. त्यावर कॅफीनचा मारा केला तेव्हा कॅल्शियम पुन्हा सुटले आणि गेलेला जोर बराचसा परतला. (ती मात्रा कॉफीच्या कपातून मिळणाऱ्या मात्रेच्या कितीतरी पट होती, तेव्हा कुणी उगाच हुरळू नये.) यंत्र शाबूत होते, फक्त आज्ञा क्षीण झाली होती. फॉस्फोक्रिएटिन फुटून सुटलेले फॉस्फेट कोठारात शिरते आणि कॅल्शियमला बांधून बसते, हे यामागचे एक सबळ स्पष्टीकरण आहे. लांब पल्ल्याच्या श्रमांत ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूतला साखरेचा साठा, ओसरणे हे वेगळे कारण. स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी ते साठच्या दशकात सुईने स्नायूचे कण काढून दाखवले.

मग आम्ल अगदी निर्दोष? तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. आम्लामुळे जोर घटतो हे दाखवणारे अनेक जुने प्रयोग थंड स्नायूंवर झाले होते. १९९५ मध्ये तापमान ३० अंशांपर्यंत नेल्यावर तो परिणाम बराच ओसरला. २००१ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस येथे तर पोटॅशियमने दुबळ्या झालेल्या उंदराच्या स्नायूला दुग्धाम्लाने उलट बळ दिले. तरीही आम्लता आणि फॉस्फेट एकत्र आले की उबदार तंतूतही शक्ती घटते, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी मात्र आम्लाचा संबंध नाही. श्रम थांबल्यावर ते साधारण तासाभरात निवळते. अंग धरते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. थिओडोर हाफ यांनी १९०२ मध्येच त्या दुखण्याचे खापर स्नायूतल्या सूक्ष्म इजांवर फोडले होते. गड चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो आणि इजा तिथे होते.

माझ्या मांडणीवर मोठा आक्षेप वेगळाच आहे. फॉस्फेटला काय कळते? कॅल्शियमला बांधताना ते कुणाचे रक्षण करत नसते, मग ‘माघार’ हा शब्द कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि एकट्या तंतूपुरता मी तो मान्य करतो. तिथे परिणामाला हेतू म्हणण्याची चूक सहज होते. पण अख्ख्या माणसात मज्जासंस्थाही सामील असते. २००९ मध्ये मार्कस आमान आणि सहकाऱ्यांनी सायकलपटूंच्या कण्यात फेंटानिल हे वेदनाशामक टोचले, त्यामुळे पायांच्या स्नायूंकडून मेंदूकडे जाणाऱ्या संवेदना रोखल्या गेल्या. स्नायूंची ताकद तशीच राहिली. मग पाच किलोमीटरची शर्यत घेतली. सायकलपटू सुरुवातीपासूनच नेहमीपेक्षा जोरात सुटले, पुढे मंदावले, आणि एकूण वेळ काही सुधारली नाही. स्नायूंचा थकवा मात्र नेहमीपेक्षा बराच खोल गेला होता. पायांचे म्हणणे वर पोहोचले नव्हते. शर्यत संपल्यावर त्यांना धड चालताही येईना.