तीन चाकांची बाबागाडी



लहान मुलासाठीं घडीची, आटोपशीर अशी बाबागाडी घ्यावयाची झाली म्हणजे दुकानांत मांडलेल्या गाड्यांपैकीं तीन चाकांच्या गाडीकडे पुष्कळांचें लक्ष चटकन् जातें. पुढें एक चाक, मागें दोन. दिसावयास सुबक, एका हातानें वळणारी, घडी केली कीं दाराआड उभी राहणारी. विक्रेता ती गुळगुळीत फरशीवरून एका बोटानें फिरवून दाखवितो आणि घेणाऱ्याचें मन तिच्यावर बसतें. परंतु पुढचीं दोनतीन वर्षें ही गाडी त्या फरशीवर चालावयाची नसते. ती आपल्या घराच्या जिन्यांत, सोसायटीच्या फाटकाशीं आणि उंचसखल पदपथावर चालावयाची असते. तीन चाकांच्या रचनेंत एक मोठा गुण आहे, आणि त्या गुणाला चिकटलेला एक धोकाही आहे. दोन्ही एकाच कारणांतून उत्पन्न होतात. तें कारण नीट ध्यानांत आलें म्हणजे कोणती गाडी घ्यावी आणि कोणती दुकानांतच राहूं द्यावी, हें ज्याचें त्याला ठरवितां येतें.

प्रथम या गाडीचें कुळ पाहूं. इंग्लंडांत १७३३ च्या सुमारास विल्यम केंट या रचनाकारानें ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या मुलांसाठीं शिंपल्याच्या आकाराची एक गाडी केली. ती माणसानें ढकलावयाची नसून लहान जनावरानें ओढावयाची होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मागून ढकलावयाच्या बाबागाड्या तेथें निघाल्या, त्या बहुशः तीन चाकांच्याच होत्या. पुढें १९६५ सालीं ओवेन मॅक्लारेन या विमानविद्येंतील अभियंत्यानें ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंहूनही हलकी गाडी तयार केली. १९८४ च्या सुमारास अमेरिकेंत फिल बेक्लर यांनीं आपल्या मुलाला बरोबर घेऊन धांवतां यावें म्हणून बाबागाडीला सायकलचीं चाकें लावलीं, आणि धांवणाऱ्यांची तीनचाकी जन्मास आली. आजची आटोपशीर तीनचाकी ही या शेवटच्या दोघींची वारसदार होय. एकीपासून तिनें घडी घेतली, दुसरीपासून रूप घेतलें. परंतु दुसरीचीं मोठीं चाकें मात्र तिला घेतां आलीं नाहींत, कारण मोठीं चाकें घडींत मावत नाहींत. यास्तव रूप पाहून तिच्याकडून धांवण्याची अपेक्षा करणें योग्य नव्हे. ती चालावयाची गाडी आहे.

आतां तिच्या गुणाकडे वळूं. आपल्या चुलीला दगड तीन असत. तिवईला पाय तीनच असतात. सुतार ज्याला तीन चाकें लावी, तो पांगुळगाडाही घरोघरीं पुष्कळांनीं पाहिलेला आहे. याचें कारण भूमितींत आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक सपाट पातळी जातेच. म्हणून तीन टेंकूंची वस्तु कितीही खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाहीं. चार पायांचें टेबल फरशी जरा उंचसखल असली कीं डुलूं लागतें आणि आपण त्याच्या पायाखालीं कागदाची घडी सारतों. बाबागाडीचेंही तसेंच आहे. चारचाकीचें एखादें चाक वाईट रस्त्यावर अधांतरीं राहतें व गाडी हिसके देते. तीनचाकीचीं तिन्ही चाकें जमिनीला धरून राहतात. शिवाय पुढें एकच फिरतें चाक असल्यामुळें ती थोड्या जागेंत आणि थोड्या श्रमानें वळते.

परंतु न डुगडुगणें म्हणजे न उलटणें नव्हे. चार चाकांच्या गाडीखालीं आधाराचा चौकोन असतो, तीन चाकांच्या गाडीखालीं त्रिकोण असतो; आणि त्रिकोण पुढें निमुळता होत जातो. थोडा हिशेब करूं. समजा, मागच्या दोन चाकांमध्यें ५० सेंटिमीटर अंतर आहे आणि पुढचें चाक त्यांच्यापुढें ६० सेंटिमीटरांवर आहे. मूल बसलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य मागच्या आंसापुढें २० सेंटिमीटरांवर असेल, तर त्या ठिकाणीं एका बाजूस आधार सुमारें १७ सेंटिमीटर उरतो. तेवढ्याच रुंदीच्या चारचाकीला तो २५ सेंटिमीटर मिळाला असता. मूल पुढें ओणवून बसलें आणि गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरांवर गेला, तर आधार साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे निम्माच राहतो. वेगानें वळणारी ऑटोरिक्षा आंतल्या बाजूचें चाक उचलूं पाहते, हें आपण पाहतों; त्यामागें हाच त्रिकोण आहे.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. मागच्या चाकांमधील अंतर जितकें अधिक आणि बसावयाची जागा जितकी खालीं व जितकी मागें, तितकी गाडी स्थिर. जी गाडी उंच आसनाची असून मागें अरुंद आहे, ती कितीही देखणी असो, घेऊं नये. अर्थात् रुंदीलाही मर्यादा आहे. या गाड्या सामान्यतः ५० ते ६० सेंटिमीटर रुंद असतात. जुन्या इमारतींतील लिफ्टचा दरवाजा कांहीं ठिकाणीं तेवढाच असतो. म्हणून घरून निघण्यापूर्वीं लिफ्टचें दार आणि जिन्याखालची जागा मोजून तीं मापें कागदावर लिहून न्यावींत.

दुसरा विचार चाकाच्या आकाराचा. पदपथावर बसविलेल्या ठोकळ्यांपैकीं एखादा दोन सेंटिमीटर वर आलेला असणें ही नित्याची गोष्ट आहे. पुढच्या चाकावर ६ किलो भार असतांना तेवढा अडथळा सरळ चढून जाण्यास १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला सुमारें साडेपांच किलोंचा रेटा द्यावा लागतो, ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला साडेतीन किलो पुरतो. लहान चाक अडखळतें आणि मूल पुढें झुकतें, तें यामुळें. घडीच्या गाडीला ३० सेंटिमीटरांचें चाक मिळणें कठीण. तथापि दोन गाड्या सारख्याच वाटल्या तर जिचें पुढचें चाक मोठें व रुंद असेल, ती घ्यावी. रुंदी पाहावयाची ती गटारावरील लोखंडी जाळीसाठीं. जाळीच्या फटींत बारीक चाक अडकलें तर चारचाकीला दुसऱ्या पुढच्या चाकाचा आधार तरी असतो. तीनचाकीला तोही नसतो.

पदपथाची कड हा तर निराळाच प्रश्न आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक संहितेंत पादचाऱ्यांसाठीं किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी व कडेची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, असें सांगितलें होतें. प्रत्यक्षांत जी कड आपल्यापुढें येते ती पुष्कळदां याहून उंच असते. आणि १५ सेंटिमीटरही या गाडीच्या चाकाला चढतां येत नाहींत. चढतांना मूठ खालीं दाबून पुढचें चाक कडेवर टेंकवावें आणि मग मागचीं दोन्ही चाकें एकदम वर घ्यावींत. उतरतांना गाडी उलटी फिरवून मागचीं दोन्ही चाकें आधीं, बरोबरीनें खालीं सोडावींत. तिरकें उतरणें या गाडीला सर्वांत घातक होय. एक मागचें चाक खालीं गेलें कीं ती त्या बाजूस कलंडते.

पुढच्या चाकाविषयीं आणखी दोन गोष्टी. तें फिरतें असावें, परंतु खडबडीत जागीं तें सरळ रोखून धरण्याची कळ असावी. नाहींतर उतारावर तें डावीउजवीकडे थरथरूं लागतें. दुसरें, कांहीं गाड्यांचें पुढचें चाक एका खटक्यासरशीं निघतें. ही सोय प्रवासांत बरी, परंतु खटका नीट बसला नाहीं तर चालत्या गाडीचें चाक निखळतें. अशाच कारणावरून २०१८ सालीं अमेरिकेंतील ग्राहकसुरक्षा आयोगानें एका उत्पादकाविरुद्ध कारवाई केली होती. तीनचाकीचें पुढचें चाक निखळलें म्हणजे गाडी तोंडावरच पडते. यास्तव निघणाऱ्या चाकाची पकड दर वेळीं ओढून पाहावी.

आतां वजन आणि घडी. आटोपशीर गाड्या साधारणतः ६ ते ९ किलोंच्या असतात. मोठ्या, हवा भरलेल्या चाकांच्या गाड्या १० ते १४ किलोंपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणें वर्षाचें मूल ९ ते साडेनऊ किलोंच्या आसपास आणि तीन वर्षांचें सुमारें १४ किलोंचें असतें. म्हणजे ज्या घराला लिफ्ट नाहीं, तेथें आईला कडेवर मूल व हातांत गाडी असें मिळून १५ ते २० किलो जिन्यावरून न्यावे लागतात. हा हिशेब आधीं केला नाहीं तर गाडी आठ दिवसांत गॅलरींत जाऊन पडते, आणि जिला बाहेर पडतां यावें म्हणून ती आणली, ती आई पुन्हां घरांतच राहते. म्हणून दुसऱ्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनीं चाकाचा थोडा मोठेपणा सोडावा, परंतु वजन सोडूं नये. तळमजल्यावर किंवा लिफ्टच्या घरीं राहणाऱ्यांनीं याच्या उलट करावें.

घडी एका हातानें होते असें सांगितलें जातें. तें विक्रेत्याच्या हातानें न पाहतां आपल्या हातानें पाहावें. बिजागऱ्यांवर आच्छादन आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. २००९ सालीं अमेरिकेंत मॅक्लारेनच्या सुमारें दहा लक्ष गाड्यांवर बिजागरीचीं आच्छादनें बसविण्याची व्यवस्था करावी लागली, कारण घडी उघडतांना मुलांचीं बोटें त्यांत सांपडून बारा मुलांच्या बोटांचीं टोकें तुटल्याचें नोंदलें गेलें होतें. गाडी उघडतांना किंवा मिटतांना मूल हातभर दूर असावें, हा नियम कोणत्याही गाडीला लागू आहे.

मुलाच्या वयाचाही विचार अवश्य केला पाहिजे. आधारावांचून बसणें बहुतेक मुलांना सहा महिन्यांच्या आसपास साधतें. कांहींना नऊ महिनेही लागतात. तोंपर्यंत पाठ सरळ उभी असलेल्या आसनांत मुलाला बसवूं नये. ज्या गाडीची पाठ जवळजवळ आडवी होते, तीच त्या वयाला योग्य. पट्टा पांच ठिकाणीं बांधणारा, म्हणजे दोन्ही खांदे, दोन्ही कुशी आणि मांड्यांमधून येणारा असावा. मूल झोंपलें तरी आणि गाडी उभी असली तरी तो सोडूं नये. ब्रेक एका पायानें दोन्ही मागचीं चाकें रोखणारा असावा. उन्हाळ्यांत सावलीसाठीं गाडीवर सबंध कापड पांघरण्याची संवय पुष्कळांना असते. त्यानें आंतली हवा कोंडते व तापते. त्यापेक्षां मोठें, जाळीदार झडपेचें छत असलेली गाडी आपल्या हवेला बरी.

आणि मुठीला लटकविलेली पिशवी! गाडी ७ किलोंची, तिचा गुरुत्वमध्य मागच्या आंसापुढें १० सेंटिमीटर आणि मूठ आंसाच्या मागें २५ सेंटिमीटर असें धरलें, तर मूल उचलून घेतल्याबरोबर अवघी ३ किलोंची भाजीची पिशवी ती मागें उलथवूं शकते. मूल आंत असतांना पाठ मागें झुकविलेली असली, तरी हाच धोका आहे. भाजी ठेवावयाची ती आसनाखालच्या टोपलींत.

इतकें कळल्यावर खरेदीच्या दिवशीं काय करावें? दहा किलो तांदळाची एक पिशवी बरोबर न्यावी. ती आसनांत बसवून पट्टा बांधावा आणि गाडी दुकानाबाहेर, रस्त्यावर न्यावी. एक कड चढावी, एक उतरावी. पिशवी एका बाजूस सरकवून गाडी वळवावी व आंतलें चाक उचलतें कां, तें पाहावें. शेवटीं पिशवी काढून गाडी मिटावी आणि ती हातांत घेऊन एक जिना चढावा. बाहेर नेण्यास जो दुकानदार हरकत घेईल, त्याच्याकडून ती गाडी न घेतलेली बरी.

हें करतांना आणखी एका गोष्टीचा विसर पडूं नये. गाडी निवडणारे बहुधा तरुण आईबाप असतात. परंतु ती रोज संध्याकाळीं बागेंत नेणारे पुष्कळदां आजोबा, आजी किंवा मूल सांभाळणाऱ्या बाई असतात. त्यांची उंची निराळी, मनगटांतील बळ निराळें. म्हणून ज्यांच्या हातीं गाडी राहावयाची, त्यांनाच दुकानांत न्यावें आणि तांदळाची पिशवी त्यांनाच ढकलावयास सांगावें. त्यांच्या हातांत जी गाडी निर्धास्त चालेल, तीच त्या घराला योग्य गाडी. मग तिला चाकें तीन असोत कीं चार.