गोळी थांबवायची कधी?

झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यापासून मुंबईपर्यंत तक्रार तीच, आणि पुष्कळदा चिठ्ठीवरचं औषधही तेच : अल्प्राझोलाम. पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची इवलीशी गोळी. तासाभरात बरं वाटतं. मग पंधरा दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी वर्षभर चालवली जाते आणि दुखणं तिथून सुरू होतं.

ही गोळी बेन्झोडायझेपिन कुळातली. रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं या कुळातलं पहिलं औषध १९६० मध्ये बाजारात आलं. १९६३ मध्ये डायझेपाम आलं. आधीच्या बार्बिच्युरेट गोळ्यांचा डोस जरा चुकला तरी श्वास थांबायचा. त्या मानानं ही औषधं सुरक्षित ठरली.

मेंदूतलं ‘गाबा’ हे रसायन चेतापेशींना शांत करतं. ते ग्राहीवर बसलं की पेशीच्या आवरणातली वाट उघडते, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजी उत्तेजित होत नाही. बेन्झोडायझेपिन त्याच ग्राहीवर दुसऱ्या जागी बसून ती वाट पुन्हा पुन्हा उघडायला लावतं. म्हणूनच भीतीचा झटका, फिट किंवा दारू सोडतानाची थरथर यांवर ते गुणकारी आहे.

पण रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. गोळी एकदम बंद केली की झोप उडते, घालमेल दुप्पट होते, हात कापतात, कधी फिटही येते. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण अकरा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे हा त्रास लवकर जाणवतो. माणसाला वाटतं, जुना आजारच उलटला. तो पुन्हा गोळी घेतो. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात २०१५ मध्ये भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली, तेव्हा तिच्यातल्या अल्प्राझोलाम, डायझेपामची सवय लागलेले लोक झटके, भास घेऊन दवाखान्यात आले.

म्हाताऱ्यांचा धोका वेगळा : रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. दारू किंवा अफूजन्य वेदनाशामकांसोबत घेतली, तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. तरीही नशेसाठी हिचा वापर होतोच. मालेगावात हिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात.

१ मार्च २०१४ पासून ही औषधं ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची नोंद दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपायची असते.

जुनी सवय असेल तर गोळी मनानं बंद करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती आठवड्या-आठवड्यानं कमी करावी लागते. तज्ज्ञ जवळ नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि नवी चिठ्ठी घेताना गोळी किती वेळा घ्यायची, एवढंच विचारून उठू नये. ती कधी आणि कशी थांबवायची, तेही डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं.