चिखलदऱ्याची कॉफी, आपल्या कढईत



कॉफी दक्षिणेत पिकते, एवढंच आपण ऐकलेलं. पण आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्यालाही इंग्रजांच्या काळापासून कॉफी आहे. सुमारे ११०० मीटर उंचीवरची थंड हवा तिला मानवते. तिथलं ५ किलो कच्चं बी आमच्या गटानं आणलं आणि घरीच भाजलं. त्यात जे शिकलो, ते आज सांगतो.

कच्चं बी हिरवट दिसतं. त्याला कॉफीचा वास नसतो. तो भाजल्यावरच येतो. बी शक्यतो एकाच मळ्यातलं, एकाच हंगामाचं घ्यावं. वेगवेगळ्या ठिकाणचं बी मिसळलं, की आकार आणि ओल सारखी नसते. मग काही दाणे करपतात, काही कच्चे राहतात. काळे, फुटके, किडके दाणे आधीच निवडून टाका.

जाड बुडाची लोखंडी कढई मध्यम आचेवर तापवा. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त बी घालू नका. शेंगदाणे भाजताना हात थांबला तरी थोडं चालतं, इथे मुळीच चालत नाही. सतत हलवत राहा. धूर होतो, म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा.

बी आधी पिवळं होतं, मग तपकिरी. साधारण दहा मिनिटांनी ज्वारीच्या लाह्यांसारखा तडतड आवाज येतो. आतल्या ओलीची वाफ होऊन दाणा फुगतो आणि तडकतो. हा आवाज कमी झाला, की कढई उतरवा. पुढे भाजलं तर दाण्याला तेल सुटतं आणि कडूपणा वाढतो. गरम कढईत बी ठेवू नका, भाजणं चालूच राहतं. लगेच परातीत पसरा, वारा घाला, गार झाल्यावर सुपानं पाखडून टरफल काढा.

भाजलेल्या दाण्यातून काही दिवस वायू निघतो. लगेच घट्ट बंद केलं तर पिशवी फुगते. म्हणून पहिला दिवस झाकण सैल ठेवा. दळायचं मात्र लागेल तेवढंच.

आता आमची चूक ऐका. ५ किलो बी भाजून ५ किलोच कॉफी होईल, असं धरून आम्ही भाव ठरवला. हाती आली ४ किलो २०० ग्रॅम! ओल उडाली, टरफल गेलं. मेहनत करूनही गटाला तोटा झाला. समजा, कच्चं बी ५०० रुपये किलो आहे. ५ किलोचे २५०० झाले. त्याला ४.२ नं भागलं, तर भाजलेली कॉफी किलोला ५९५ रुपयांना पडते. त्यावर गॅस, पाकीट, गाडीभाडं आणि आपली मजुरी. आपली मजुरी धरायला आपणच विसरतो, बरं का!

विकायची असेल तर अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी आधी करून घ्या. आणि पहिल्यांदा किलोभरच भाजा, वजन करा, वहीत लिहा, मगच भाव सांगा.