अर्थसीच्या बेटांवरचं प्रेम

खऱ्या नावाचा विश्वास

उर्सुला ले ग्विन यांच्या अर्थसी मालिकेत माणसाला दोन नावं असतात: एक चारचौघांत हाक मारायचं, दुसरं खरं. खरं नाव कळलं की त्या माणसावर सत्ता चालवता येते, म्हणून ते अगदी विश्वासातल्यालाच सांगायचं. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मध्ये (१९७१) गेड हा जादूगार भुयारी चक्रव्यूहात अडकतो. त्याचा जीव अर्हा या तरुण पुजारिणीच्या हाती असतो. तिला लहानपणीच निनावी शक्तींना वाहिलेलं, तिचं नावही हिरावलेलं. टेनार हे तिचं मूळ नाव गेड तिला परत देतो आणि स्वतःचंही सांगतो. दोघं तिथून निसटतात. प्रेमाचा शब्दही निघत नाही. पण या जगात नाव सोपवण्याइतकं जवळचं दुसरं काय असणार?

जादूगारांचं ब्रह्मचर्य

तरीही ते एकत्र येत नाहीत, कारण इथले जादूगार ब्रह्मचारी असतात. ही प्रथा मुळातली नव्हे. ‘द फाइंडर’ या कथेत रोक बेटावरची विद्याशाळा उभारणारे मेद्रा आणि एलेहाल एकमेकांचे सहचर आहेत. बायकांना शाळेबाहेर काढलं गेलं ते पुढच्या काळात.

सत्ता गेल्यावर

‘द फार्दस्ट शोअर’च्या (१९७२) शेवटी गेडची सारी विद्या खर्ची पडते. पुढची कथा ‘तेहानू’त येते, थेट १९९० मध्ये. तोवर टेनार एका शेतकऱ्याची विधवा झालेली, मुलं मोठी झालेली, पदरी एक भाजलेली, टाकून दिलेली मुलगी. गेड परततो तो खचलेला, शरमेनं लपणारा. एका रात्री घरावर चालून आलेल्या माणसांना तो शेतातल्या दाताळ्यानं अडवतो, मंत्रानं नव्हे. त्यानंतर ती दोघं एक होतात. नायकाचं तेज ओसरल्यावर, शेळ्या राखण्याच्या आणि भांडी घासण्याच्या दिवसांत प्रेम फुलवण्याचं धैर्य मला कल्पनारम्य साहित्यात फार क्वचित दिसलं आहे.

राजा आणि राजकन्या

‘द अदर विंड’मध्ये (२००१) राजा लेबान्नेनकडे सेसेराख ही परक्या कार्गिश लोकांची राजकन्या वधू म्हणून पाठवली जाते. न विचारता गळ्यात मारल्याचा त्याला राग येतो. ती बुरख्यात, परक्या भाषेत एकटी. टेनार मूळची कार्गिशच, तीच तिला भाषा शिकवते. सेसेराखचा निर्भयपणा उमगत जातो तसा राजाचा राग निवळतो. या दोघांना आणखी पानं मिळायला हवी होती. त्यांचं मनोमीलन फार लवकर उरकलं आहे.