आधी ऐवज, मग निबंध

पाचवीच्या वर्गात फळ्यावर 'माझा आवडता ऋतू' असा विषय लिहिला की सगळ्या वह्यांत जवळपास एकच निबंध उतरतो. ऋतू तीन असतात, पावसाळा त्यांचा राजा असतो, बळीराजा सुखावतो, मोर पिसारा फुलवतो आणि शेवटी 'म्हणून मला पावसाळा फार फार आवडतो'. लिहिणारे मूल सुरतेजवळच्या हजीऱ्याचे असले तरी यात फारसा फरक पडत नाही. तापी समुद्राला मिळते त्या टोकाला ते राहते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत कशी बुडाली, हे त्याने घरातल्या मोठ्यांकडून ऐकलेले असते. तरी त्याच्या पावसाळ्यात उकाई नसते, पूर नसतो, मोर मात्र असतो. मग आपण म्हणतो की हल्लीच्या मुलांची भाषा कच्ची आहे, त्यांना लिहिताच येत नाही. मला हे निदान चुकीचे वाटते. मुलांचा निबंध फसतो तो शब्द कमी पडतात म्हणून नाही. सांगण्यासारखे काही जमवायला आणि ते कुणाला तरी पटवून द्यायला त्यांना शिकवलेलेच नसते, म्हणून तो फसतो.

हजीऱ्याचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण ऐवजाच्या बाबतीत इतकी श्रीमंत जागा शोधून सापडणार नाही. इथल्या सुवालीच्या समुद्रात १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली आणि त्यानंतर सुरतेत इंग्रजांचे बस्तान बसले. समुद्रातून आलेला नैसर्गिक वायू इथे शुद्ध होतो आणि हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीतून थेट उत्तर प्रदेशापर्यंत जातो. कृभकोचे खत इथे बनते, पूर्वीचा एस्सारचा आणि आता आर्सेलर-मित्तल-निप्पॉनचा पोलाद कारखाना इथेच आहे. त्या पोलादाच्या मळीपासून बांधलेला सुमारे एक किलोमीटरचा सहापदरी रस्ता २०२२ मध्ये इथेच वाहतुकीला खुला झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये हजीरा–घोघा फेरी सुरू झाली आणि रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटर पडणारे अंतर समुद्रातून ९० किलोमीटरवर आले. यातल्या कुठल्याही एका गोष्टीवर सहावीतले मूल चार चौकशा करून दीड पान लिहू शकते. पण त्याला विषय मिळतो तो 'मी पक्षी झालो तर'. कल्पनेचे विषय वाईट असतात असे नाही. ते स्वस्त पडतात, कारण त्यांच्यासाठी ना शिक्षकाला काही शोधावे लागते ना मुलाला.

सुरत आणि निबंध यांचे नाते तसे जुने आहे. गुजरातीतला पहिला निबंध म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो 'मंडळी मळवाथी थता लाभ' हा सुरतेच्या नर्मदचा. त्याने तो १८५१ मध्ये लिहिला, वयाच्या अठराव्या वर्षी, आणि मुळात ते मंडळीपुढे केलेले भाषण होते. पुढच्याच वर्षी नर्मद रांदेरच्या शाळेत मास्तर झाला. हे रांदेर हजीऱ्याच्याच बाजूला, तापीच्या उत्तर काठावर आहे. त्याच्या आधी काही वर्षे आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग सुरतेत शाळेवर होते आणि १८४४ मध्ये तिथल्याच दुर्गाराम मेहताजींसोबत त्यांनी मानवधर्म सभा काढली. हे दोघेही शाळामास्तर होते आणि दोघांनाही जुन्या समजुतींशी भांडण मांडायचे होते. मराठीकडे पाहिले तर १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'चे ८४ अंक एकहाती लिहिले, तेही वाचकांशी, प्रतिपक्षाशी आणि प्रसंगी भाषेच्या शत्रूंशी वाद घालत. आपल्याकडचा निबंध असा जन्मला आहे. समोर कुणीतरी बसलेले आहे, त्याला काही मान्य नाही आणि त्याला ते पटवायचे आहे. शाळेत आल्यावर त्याच्यासमोरचा हा माणूस नाहीसा झाला. उरला तो लाल शाईचा पेन, आणि त्या पेनाला काही पटवून घ्यायचे नसते.

मग शिकवायचे काय? पहिली गोष्ट म्हणजे विषयाऐवजी प्रश्न द्यावा. 'हजीरा–घोघा फेरी' या विषयावर मूल 'फेरी खूप छान आहे' एवढेच लिहील. 'ट्रक घेऊन भावनगरला जाणाऱ्या चालकाने रस्त्याने जावे की फेरीने?' असे विचारले तर त्याला कुठेतरी जाऊन विचारावे लागेल: भाडे किती, वेळ किती, भरती-ओहोटीचा किंवा वाऱ्याचा त्रास होतो का, डिझेल किती वाचते. तिसरी-चौथीत हे सगळे तोंडी चालावे. मुलाने सांगावे, वर्गाने प्रश्न विचारावेत, आणि प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांतून पाच वाक्ये वहीत यावीत. पाचवी-सहावीत घरातल्या किंवा गल्लीतल्या एका माणसाची मुलाखत घेता येते. मासेमारी करणारे काका, कारखान्यात पाळीवर जाणारी मावशी, चहाची टपरी चालवणारा, कुणीही चालेल. सातवीपर्यंत मुलाला एक मत मांडता यायला हवे, त्याला एक तरी कारण देता यायला हवे, आणि 'पण काही जण म्हणतील की…' असे लिहून विरुद्ध बाजूला उत्तर देता यायला हवे. हे शेवटचे आपण महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेसाठी राखून ठेवतो. बारा वर्षांचे मूल घरी रोज मोबाइलसाठी याहून चिवट युक्तिवाद करत असते, तेव्हा क्षमतेचा प्रश्न उद्भवत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पहिला खर्डा हा निबंध नसतो, हे मुलाला कळायला हवे. तपासून आलेली वही दप्तरात जाते आणि पुन्हा उघडली जात नाही, ही आपली रीत. शेरा मिळाल्यावर तोच परिच्छेद पुन्हा लिहायला लावला, तरच शेऱ्याचा उपयोग होतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा की आधी व्याकरण आणि शुद्धलेखन पक्के करा, निबंध मागाहून बघू. या बाबतीत पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या लेखनविषयक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आखणी, लेखन आणि दुरुस्तीच्या पायऱ्या उघडपणे शिकवल्याने लेखन सर्वांत जास्त सुधारले. त्या परिणामाचे माप ०.८२ आले. मुलांनी जोडीने लिहिण्या-तपासण्याचे माप ०.७५ होते, तर छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याच्या सरावाचे ०.५०. व्याकरण सुटे शिकवण्याचे माप मात्र उणे ०.३२ निघाले, म्हणजे फायदा तर नाहीच, उलट तोटा. हे प्रयोग इंग्रजीतून लिहिणाऱ्या मुलांवरचे आहेत आणि मराठीची रचना वेगळी आहे, हे खरे. म्हणून उणे ०.३२ हा आकडा मराठीवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण वाक्यजोडणीचा सराव तर मराठीसाठीच केला असावा असे वाटते. 'पूर आला. शाळा बंद होती. मुले घरी होती.' या तीन वाक्यांना 'म्हणून', 'जेव्हा–तेव्हा', 'जरी–तरी', 'ज्यामुळे' यांनी वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून पाहिले की व्याकरण कामाला लागते. सुट्या व्याख्या पाठ करून ते कामाला लागत नाही.

सुरत परिसरातल्या मराठी मुलांबाबत आणखी एक अडचण सांगितली जाते आणि ती खरी आहे. तापी खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडची हजारो कुटुंबे पिढ्यानपिढ्या उधना, लिंबायत, पांडेसरा, नवागाम-डिंडोलीत स्थिरावली आणि त्यांतली कितीतरी माणसे हजीऱ्याच्या कारखान्यांत कामाला जातात. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, कारखान्यात हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, असा या मुलांचा दिवस असतो. सुरत महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात आणि मराठी त्यांपैकी एक आहे. २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली, तेव्हा मराठी माध्यमातल्या मुलालाही दोन्ही भाषांत लिहावे लागते. अशा मुलाकडून निबंध काय अपेक्षायचा, असे शिक्षक म्हणतात. माझे म्हणणे उलट आहे. अशा मुलाला तर ऐवजापासूनच सुरुवात करून द्यायला हवी, कारण त्याच्याकडे सर्वांत कमी काही असेल तर ते प्रमाण मराठीचे तयार शब्द, आणि सर्वांत जास्त काही असेल तर ते चार भाषांत ऐकलेले जग. त्याने आजीची हकीगत आधी अहिराणीत सांगावी, वर्गाने ऐकावी आणि मग सगळ्यांनी मिळून ती पुस्तकी मराठीत उतरवावी. पाठ केलेला निबंध या मुलाला सगळ्यांत महाग पडतो. त्यातला एक शब्द विसरला की पुढचे सगळे कोसळते, कारण मागे स्वतःचे असे काही नसते.

वर्गात मुले जास्त, शिक्षक एकच, आणि एवढे खर्डे तपासायचे कुणी, हा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक ठरवला. या प्रमाणानेही दर आठवड्याला तीस निबंध बारकाईने वाचणे ही थट्टाच आहे. पण प्रत्येक चूक प्रत्येक वेळी दुरुस्त करायची ही सक्ती आपण स्वतःवर लादून घेतली आहे. एका आठवड्यात फक्त पहिले वाक्य पाहावे, दुसऱ्यात फक्त कारणे, तिसऱ्यात फक्त विरामचिन्हे. बाकीचे वाचन मुलांनी एकमेकांचे करावे. शेजारच्या बाकावरच्या मुलाला 'हे मला कळले नाही' असे म्हणायला व्याकरण यावे लागत नाही, आणि निबंधाला तेच वाक्य सर्वांत जास्त सुधारते.

राहिला गाइडचा प्रश्न. नमुना वाचून मूल काहीच शिकत नाही असे नाही. वर उल्लेखलेल्या आढाव्यात नमुन्यांच्या अभ्यासालाही ०.२५ इतके माप मिळाले आहे. पण नमुना उलगडून पाहणे वेगळे आणि तो घोकणे वेगळे. घोकण्याच्या बाजूने पालक म्हणतात, परीक्षेत गुण त्यालाच मिळतात. बोर्डाची परीक्षा दहावीला येते; तिसरी ते सातवी ही पाच वर्षे बोर्डाची कुठलीही उत्तरपत्रिका नसताना वाया घालवायची आणि मग दहावीच्या दारात 'सर्जनशीलता' मागायची, हा व्यवहार चुकीचा आहे. शिवाय आता 'माझा आवडता ऋतू' फोन अर्ध्या मिनिटात लिहून देतो, गाइडपेक्षाही गुळगुळीत. सुवालीच्या किनाऱ्यावर जाळे टाकणारा माणूस काल काय म्हणाला, हे त्याला माहीत नसते. ज्या विषयाचे उत्तर यंत्र देऊ शकते तो विषय मुलांना देऊच नये, ही आता शिक्षकांसाठी सोयीची कसोटी झाली आहे.

शेवटी वाचकाचा प्रश्न उरतो आणि तो सोडवायला फार लांब जावे लागत नाही. सुरतेहून निघणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर अमळनेर लागते. तिथल्या प्रताप विद्यालयात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवले आणि १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक काढले. लिहिणारा आणि वाचणारा एकाच छताखाली असल्याने लिखाण कुणासाठी आहे, ही शंका तिथे उरतच नव्हती. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलांच्या स्वतःच्या अनुभवालाच शिकण्याचा पाया मानला. यांतले काहीही सुरत किंवा हजीरा परिसरात अशक्य नाही. मराठी माध्यमाच्या प्रत्येक शाळेने सहावी-सातवीच्या मुलांकडून महिन्याला एक हस्तलिखित अंक काढावा. त्यात मुलाखती असाव्यात, गावाची माहिती असावी, दोन विरुद्ध मते असावीत, आणि अंक आठवडाभर शाळेत फिरून नंतर पालकांच्या घरोघरी जावा. त्यासाठी परिपत्रक लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. कागद, सुई-दोरा आणि वेळापत्रकातले चार तास लागतात. शिक्षकांनी येत्या सत्रात एवढे करून पाहावे, आणि पालकांनी तो अंक हातात आल्यावर शुद्धलेखनाच्या चुका मोजण्याआधी एकदा वाचून काढावा.