ताटातलं शहाणपण (भाग ९) : तुपाची धार आणि चतकोर पोळी

तळणाच्या तेलाबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढे ढकलतो, कारण बजाजनगरहून एका ताईंचं पत्र आलंय आणि महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्यात. उत्तर त्याआधी पोचायला हवं.

ताई लिहितात, ‘यांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. गेल्या महालक्ष्मीला तीन पुरणपोळ्या खाल्ल्या, पण प्रत्येक पोळीवर तुपाची धार घेतली. दोन तासांनी मशीनवर बघितलं तर आकडा फारसा चढला नव्हता. तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलेत, तूप घ्या, काही होत नाही. हे खरं आहे का?’

ताई, मशीन खोटं बोललं नाही. तुपामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. अन्न हळूहळू आतड्यात उतरतं, त्यामुळे रक्तातली साखरही सावकाश वर जाते. पण सावकाश म्हणजे कमी नव्हे. पोळीतला गूळ आणि कणीक कुठे जात नाही, फक्त उशिरा पोचते. रात्री नऊला पंगत उठली आणि अकराला मशीन लावलं, तर खरी चढण अजून पुढेच असू शकते. तेव्हा घरातले सगळे झोपलेले असतात. पुन्हा एकदा मध्यरात्रीनंतर आणि सकाळी उठल्यावर बघा, म्हणजे चित्र पुरं होईल. वर तुपाच्या प्रत्येक चमच्यामागे पंचेचाळीस उष्मांक वाढले, ते वेगळेच.

आता पोळीचाच हिशोब मांडू. किलोभर डाळीला किलोभर गूळ घातला की आमच्याकडे चांगल्या भरगच्च तीसेक पोळ्या होतात. म्हणजे एका पोळीत तीस ग्रॅमच्या वर गूळ आला, चहाच्या सहा चमचे साखरेएवढा. डाळ आणि कणीक धरून एक पोळी सव्वातीनशे उष्मांकांच्या आसपास जाते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम आहे, जमल्यास २५. गूळ त्यातच मोजायचा. तो काळा असो की पिवळा, साखरेच्या रुग्णाला तो साखरच आहे.

इतकं वाचून कुणी पुरणपोळी बंद करू नये. पुरणाची बाजूही भक्कम आहे. हरभऱ्याच्या डाळीतला स्टार्च फार हळू पचतो आणि डाळीत प्रथिनं भरपूर असतात. त्यामुळे एक पुरणपोळी ही तेवढाच गूळ घातलेल्या रव्याच्या शिऱ्यापेक्षा नक्कीच बरी. माझं म्हणणं एवढंच आहे की पोळीला तूप सांभाळत नाही, पोळीच्या आधी पोटात काय गेलं ते सांभाळतं.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात मधुमेहाच्या अकरा रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला, तोही २०१५ मध्येच छापून आला. जेवण तेच, प्रमाण तेच. एके दिवशी आधी पाव आणि संत्र्याचा रस, पंधरा मिनिटांनी भाज्या आणि चिकन. दुसऱ्या खेपेला उलटा क्रम. भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ली तेव्हा तासाभरानंतरची साखर एक तृतीयांशाहून जास्त खाली राहिली. अकराच माणसं होती, पण नंतरच्या अभ्यासांतही हीच दिशा दिसत आली आहे.

आता महालक्ष्मीचं ताट आठवा. सोळा भाज्या! भोपळा, दोडका, गवार, भेंडी, कारलं, पडवळ, घोसाळं, तोंडली, चुका, अंबाडी, मेथी, शेपू... पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे जे जे पिकतं ते सगळं नैवेद्याला येतं. काही घरांत प्रत्येक भाजी वेगळी करतात, काही घरांत सगळ्या मिळून एकच मिसळीची भाजी होते. शिवाय कोशिंबिरी, चटण्या, कढी, ज्वारीची आंबील. इतका चोथा, इतकी पालेभाजी आणि इतकं ताकाचं पातळ वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याही सणाला ताटात येत नाही. आणि आपण काय करतो? प्रत्येक भाजी बोटभर वाढतो, बोटभर खातो, आणि पुरणपोळीकडे वळतो. दुसऱ्या दिवशी भाज्यांची पातेली तशीच असतात, पोळ्यांचा डबा रिकामा.

तेव्हा यंदा एवढंच करून बघा. मिसळीची भाजी वाटीभर घ्या आणि ती आधी खा. कोशिंबीर संपवा, आंबील प्या. वरणभाताचा घास प्रथेप्रमाणे घ्यायचा तर लहानसा घ्या. मग पोळी. यात कुळाचार कुठेच मोडत नाही. नैवेद्य जसाच्या तसा, आपल्या जेवणाचा क्रम तेवढा बदलला.

सारावर थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. डाळ शिजवून निथळलेल्या कटात खोबरं, काळा मसाला, हिंग घालून बनलेला सार हा माझ्या मते या जेवणाचा खरा आत्मा. पण पोट फुगल्याची तक्रार पुरणावर ढकलताना साराचाही विचार करा. डाळीतल्या काही शर्करा आपल्या लहान आतड्यात पचतच नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि वायू धरतो. शिजवताना यातला बराच भाग पाण्यात, म्हणजे कटात उतरतो. पुरण त्यामुळे हलकं होतं, सार जड. एक वाटी सार ओरपा, तीन नकोत. आणि डाळ भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजवली तर त्रास आधीच कमी होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. महालक्ष्म्यांची आरती पुरणाच्या दिव्यांनी होते, नैवेद्याला संध्याकाळ उलटते, आणि तोवर घरातल्या बाया उपाशी राबतात. सकाळचा चहा, त्यानंतर थेट रात्री साडेआठ-नऊ. एवढ्या भुकेल्या पोटी पहिल्या घासाला पुरणपोळी गेली की हात थांबत नाही. ज्यांना शुगर आहे त्यांचं तर दुहेरी नुकसान आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेऊन उपाशी राहिलं तर दुपारी साखर घसरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. उपास धरायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी चुकवू नका, आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नका. दुपारी मूठभर दाणे आणि वाटीभर ताक घेतल्यानं महालक्ष्मी रागावत नाही. ती लेकुरवाळी माहेरवाशीण आहे. तिला घरची बाई उपाशी राहिलेली आवडेल, असं मला वाटत नाही.

बजाजनगरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कंपन्या आल्या, आणि जालना, बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगाव असे सगळे जिल्हे एकेका गल्लीत राहायला आले. त्यामुळे एकाच संध्याकाळी दोन-तीन घरची आमंत्रणं असतात. एका घरी पुरणपोळी, खानदेशातल्या शेजाऱ्यांकडे खापरावरचे मांडे, तिसऱ्या घरी ‘ताट तरी उष्टं करा’ म्हणून आग्रह. कुणाचं मन मोडवत नाही आणि पानात टाकायची तर आपल्याला सवयच नाही.

याची तोड वाढणाऱ्याच्या हातात आहे. अख्खी पोळी वाढूच नका. चतकोर वाढा, हवा तर दुसरा चतकोर मागून घेऊ दे. यजमानीणबाईंनी पहिल्यापासून तसंच वाढायला घेतलं की कुणालाच कमीपणा वाटत नाही, आणि पाहुण्यानं ‘पुरे’ म्हटलं की ते ‘पुरे’च समजा. तीन घरी चतकोर चतकोर मिळून पाऊण पोळी होते, ताईंच्या यजमानांनी खाल्लेल्या तीन पोळ्यांच्या पाव हिस्सा. एका घरून दुसऱ्या घरी चालत जा. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानं पायांचे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात.

आणि दुसऱ्या पाळीवाल्यांनो, मध्यरात्री घरी आल्यावर झाकून ठेवलेलं अख्खं ताट संपवून लगेच आडवं होऊ नका. रात्री शरीर साखर नीट हाताळत नाही आणि तुपातळणाचं जेवण घेऊन झोपलं की घशाशी येतं. भाजी, कढी, घासभर भात खा. पोळी सकाळी. शिळी पुरणपोळी दुधाबरोबर ताजीपेक्षा कमी लागत नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. सार मात्र उकळून फ्रिजमध्ये ठेवा.

ताई, यजमानांना सांगा, तूप घ्या, पण एकच चमचा आणि चवीसाठी. पोळी एक, भाजीची वाटी आधी. मग मशीनवर जो आकडा येईल तो मला जरूर कळवा, दोन तासांचाही आणि सकाळचाही. तळणाचं तेल किती वेळा वापरावं, हे आता पुढच्या आठवड्यात. फुलोऱ्याच्या करंज्या तळायच्या आधी ते हातात पडेल.