साथ ओसरल्यावर

२००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूच्या धास्तीने पुण्यातल्या शाळा आणि चित्रपटगृहं बंद झाली. एरवी फ्लू म्हाताऱ्यांवर उठतो. या वेळी जगभर तरुण आणि मुलं अधिक आजारी पडली, साठीपुढच्यांना लागण तुलनेने कमी झाली. अमेरिकेत साथीआधी साठवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला रोखणारी प्रतिपिंडं आढळली. लहान मुलांत जवळजवळ नव्हतीच. ज्येष्ठांच्या बालपणी १९१८च्या फ्लू-साथीच्या विषाणूचे वंशज फिरत होते आणि २००९चा विषाणू त्यांच्याशी मिळताजुळता होता. १९७७मध्येही तसंच घडलं. वीस वर्षं गायब असलेला एच१एन१ हा फ्लूचा विषाणू (२००९चा स्वाइन फ्लूही याच प्रकारातला) जवळपास १९५०च्या सुमाराच्याच रूपात परतला आणि आजारी पडले ते मुख्यतः विशी-पंचविशीच्या आतले. तेव्हा समाजाची प्रतिकारशक्ती हा चढणारा-उतरणारा एकच आकडा नव्हे. कोण कोणत्या विषाणूच्या काळात वाढलं, यानुसार ती पिढीगणिक वेगळी असते आणि प्रत्येक साथ त्यात फेरफार करून जाते.

हा फेरफार रुग्णालयांच्या आकड्यांवरून कळत नाही. इंग्लंडमध्ये २००९च्या पहिल्या लाटेनंतर रक्तचाचण्या झाल्या. जास्त लागण झालेल्या भागांत तीनातल्या एका मुलाला संसर्ग होऊन गेला होता. नोंदलेल्या रुग्णांवरून बांधलेल्या अंदाजाच्या हे सुमारे दहापट होतं. म्हणजे बहुतेक प्रतिकारशक्ती गाजावाजा न होता, साध्या सर्दी-तापातून तयार झाली होती.

लहानपणीची ओळख इतकी टिकते, तर फ्लू पुन्हा पुन्हा का येतो? विषाणू रूप बदलतो, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. २०१५मध्ये भारतात एच१एन१चे चाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, जवळपास तीन हजार दगावले. लशीत मात्र तेव्हाही २००९चाच वाण होता. तो २०१७मध्ये बदलला. मधल्या काळात नवी बाळं जन्मली, पहिल्या साथीतून सुटलेले तसेच राहिले आणि अनेकांच्या रक्तातली प्रतिपिंडं घटली. विषाणू फारसा न बदलताही अशी पोकळी वाढत जाते.

मग लोकांना आजारी पडू द्यावं, आपोआप सगळे तयार होतील, असं कोणी म्हणेल. पण त्याची किंमत गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि फुप्फुसाचे रुग्ण जिवानिशी मोजतात. शिवाय एच१एन१मुळे मिळालेली प्रतिपिंडं एच३एन२ या फ्लूच्या दुसऱ्या प्रकाराला फारशी अडवत नाहीत. लशीचं संरक्षणही ओसरतं, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. पण त्यासाठी आजाराचा जुगार खेळावा लागत नाही. म्हणूनच साथ संपल्यावर वयोगटांनुसार रक्तपाहणी करणं गरजेचं आहे. पोकळी कुठल्या वयात उरली आहे हे तिच्यातून कळतं आणि त्यावरून पुढची लस आधी कुणाला द्यायची हे ठरवता येतं.